घरच्या संगणकाची भांगलण



कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला लव्हाळ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. सरीत लव्हाळ्याची हिरवी पाती दिसू लागली की भांगलणीसाठी माणसे लावावी लागतात. पाती ओढली की सहज हातात येतात आणि रान स्वच्छ दिसू लागते. परंतु पुढचे पाणी दिल्यानंतर तीच पाती पुन्हा डोके वर काढतात. कारण लव्हाळ्याच्या गाठी मातीखाली तशाच राहिलेल्या असतात. म्हणून जाणता शेतकरी पात्यांवर समाधान न मानता गाठीपर्यंत खुरपे नेतो. तसेच उसाचा कोंब कोणता आणि तण कोणते, याची खात्री करून घेतल्यावाचून तो खुरपे चालवीत नाही.

घरच्या संगणकात शिरलेल्या जाहिरातखोर फाइली शोधणे व काढणे हे कामही याच दोन नियमांनी चालते. ओळख पटल्याशिवाय हात लावू नये, आणि हात लावल्यावर मुळापर्यंत जावे. या दोन नियमांचे विवेचन हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

एका घरातील प्रसंग

विषय समजण्यास सोपा जावा म्हणून करवीर तालुक्यातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. हे घर कल्पनेतील आहे. परंतु त्यात घडणाऱ्या गोष्टी आज अनेक घरांत घडत आहेत. घरातील वडीलधारे गृहस्थ साखर कारखान्याच्या शेती विभागातून निवृत्त झालेले आहेत. सूनबाई गल्लीतील महिला बचत गटाच्या सचिव आहेत. नातू महाविद्यालयात शिकतो. त्याच्या अभ्यासासाठी घेतलेल्या संगणकावरच गटाचे हिशेब, कर्जाच्या हप्त्यांची नोंद आणि सभांची इतिवृत्ते ठेवली जातात. बारा-पंधरा घरांतील भगिनींच्या बचतीचा हिशेब त्या एका यंत्रात आहे.

सूनबाईंना इतिवृत्त मराठीत लिहावयाचे होते. मराठी अक्षरांची आज्ञावली फुकट मिळेल म्हणून त्यांनी इंटरनेटवर शोध घेतला. जे पान उघडले त्यावर ‘डाउनलोड’ असे लिहिलेली तीन मोठी हिरवी बटणे होती. त्यांपैकी दोन बटणे म्हणजे केवळ जाहिराती होत्या. घाईत त्यांतील एक दाबले गेले. पुढे ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ असे करीत त्या शेवटपर्यंत गेल्या. वाटेत तीन लहान चौकटींत आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली होती, तिकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर उघडला की अनोळखी पान येऊ लागले. शोध एका ठिकाणी घ्यावा, तर उत्तरे भलतीकडून येत. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लॉटरीच्या आणि औषधांच्या जाहिराती उगवू लागल्या. यंत्र मंदावले. आणि एका संध्याकाळी सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि अक्षरे झळकली, की आपला संगणक बंद करण्यात आला आहे, बँकेची माहिती चोरीस जात आहे, खालील क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करा. गटाच्या हिशेबाच्या काळजीने सूनबाईंचा हात मोबाइलकडे गेला. तेव्हा सासरे म्हणाले, “सूनबाई, फोन नको लावूस. आधी ती वायर काढ.”

कारखान्यात ज्याने आयुष्य काढले त्याला एवढे ठाऊक असते, की यंत्राने भलता आवाज केला तर प्रथम पट्टा थांबवावा आणि मग झाकण उघडावे. या साध्या शहाणपणाने त्या घराचे मोठे नुकसान टळले. कारण ते लाल पान हे ब्राउझरमध्ये उघडलेले एक वेबपान होते आणि त्यावरील क्रमांक भामट्यांचा होता. त्या क्रमांकावर जो बोलतो त्याला ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून दूरवरून संगणक चालविता येईल अशी आज्ञावली घेण्यास सांगतात, आणि ती घेतली की घराची किल्ली परक्याच्या हाती जाते. कोणतीही नामांकित कंपनी पडद्यावर भोंगा वाजवून आपला दूरध्वनी क्रमांक देत नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. असे पान बंद होत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळी एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तेथून ब्राउझर बंद करावा.

जाहिरातखोर आज्ञावलीचे स्वरूप

संगणकाच्या मालकाला नको असलेल्या जाहिराती त्याच्यावर लादणारी, त्याच्या शोधाची वाट बदलणारी आणि पुष्कळदा त्याच्या सवयींची नोंद बाहेर पाठविणारी जी आज्ञावली, तिला ‘ॲडवेअर’ म्हणतात. व्हायरस बहुधा चोरवाटेने घरात शिरतो. ॲडवेअर पुढच्या दारातून येते, आणि तेही घरच्याच माणसाने नकळत ‘या’ म्हटल्यावर. फुकट मिळणारा व्हिडिओ प्लेअर, पीडीएफ बनविण्याचे साधन, प्रिंटरसाठी लागणारी आज्ञावली, अक्षरांचा संच, किंवा विकत घ्यावयाच्या आज्ञावलीची चोरटी प्रत, अशा वस्तूंच्या पाठीवर बसून ते येते.

यामागे सरळ व्यापार आहे. दुसऱ्याची आज्ञावली आपल्या वस्तूबरोबर जितक्या संगणकांवर उतरविली जाईल, तितके पैसे वाटणाऱ्याला मिळतात. पुढे प्रत्येक जाहिरातीमागे थोडी थोडी रक्कम जमा होत राहते. एका संगणकामागचे उत्पन्न नगण्य असले तरी लाखो संगणकांमागे ते मोठे होते. २०१७ च्या जून महिन्यात चेक पॉइंट या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या अशाच एका आज्ञावलीचा अहवाल प्रसिद्ध केला. फुकट आज्ञावलींबरोबर पसरलेल्या या तणाने जगभरातील पंचवीस कोटी संगणक ग्रासले असून त्यांपैकी अडीच कोटींहून अधिक भारतातील आहेत, असा त्या अहवालाचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने नंतर हा आकडा फुगविलेला असल्याचे म्हटले. आकड्याबद्दल मतभेद असले, तरी ब्राउझरची सूत्रे हाती घेऊन पुढे काहीही उतरविण्याची शक्ती या आज्ञावलीत होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मूळ राहिल्याचे एक उदाहरण

‘जाहिरातीच तर आहेत, दिसल्या तर दिसू द्या,’ असे काही जण म्हणतात. त्यांनी ‘सुपरफिश’चे प्रकरण लक्षात घ्यावे. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपवर ही जाहिराती दाखविणारी आज्ञावली कारखान्यातच बसवून देण्यात आली होती. बँकेसारखी सुरक्षित पाने उघडताना ब्राउझर समोरच्याचे ओळखपत्र तपासतो आणि ते खरे असेल तर कुलपाचे चिन्ह दाखवितो. अशा पानांतही आपल्या जाहिराती घुसविता याव्यात म्हणून सुपरफिशने संगणकात स्वतःचे एक ‘मूळ प्रमाणपत्र’ बसविले होते. घरातील रखवालदाराला बाहेरच्याने आपला शिक्का देऊन ठेवावा आणि त्या शिक्क्याची कोणतीही चिठ्ठी त्याने खरी मानावी, तशातला हा प्रकार होता. त्यातही सगळ्या लॅपटॉपवर शिक्का एकच होता आणि २०१५ च्या फेब्रुवारी महिन्यात त्याची गुप्त किल्ली उघड झाली. मग कोणाही भामट्याला बँकेचे खोटे पान खरे म्हणून दाखविणे शक्य झाले.

या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग पुढेच आहे. लोकांनी ती आज्ञावली यादीतून काढून टाकली, जाहिराती थांबल्या, तरी ते मूळ प्रमाणपत्र संगणकात तसेच राहिले. पाती गेली होती, गाठ मात्र मातीखाली होती. अखेर मायक्रोसॉफ्टने आपल्या डिफेंडर या संरक्षक आज्ञावलीत आणि लेनोवोने स्वतंत्र साधनाद्वारे ती गाठ काढण्याची सोय केली. २०१७ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या प्रकरणी कंपनीशी तडजोड जाहीर केली.

संशयित आणि दोषी

साफसफाईला बसलेला उत्साही माणूस पुष्कळदा तणापेक्षा उसाचेच अधिक नुकसान करतो. वर वर्णिलेल्या घरातील नातवाने टास्क मॅनेजर उघडला तेव्हा त्याला ‘एसव्हीसी होस्ट’ या नावाच्या नोंदी डझनावारी दिसल्या. हेच चोर, असे समजून तो त्या पुसावयास निघाला. वस्तुतः तो विंडोज प्रणालीचाच नित्याचा सेवक असतो आणि एकाच वेळी त्याच्या अनेक प्रती चालू असणे स्वाभाविक आहे. म्हणून अपरिचित नाव दिसले की ती फाइल दोषी, असा निकाल देऊ नये. उद्यमनगरातील कसबी मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकतो, हात लावून उष्णता पाहतो आणि मग पाना उचलतो. संगणकाच्या बाबतीत पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, फाइल कोठे आहे? एसव्हीसी होस्टचे खरे स्थान विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ या कप्प्यात असते. त्याच नावाची फाइल ‘टेंप’ किंवा ‘ॲपडेटा’ अशा कप्प्यात बसलेली आढळली, तर संशयास सबळ कारण आहे. टास्क मॅनेजरमधील नावावर माऊसची उजवी कळ दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की हे स्थान दिसते.

दुसरा प्रश्न, फाइल कोणाची आहे? ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान पाहावे. नामांकित निर्माते आपल्या फाइलीवर अंकीय स्वाक्षरी करतात. स्वाक्षरी नसणे हा गुन्हा नव्हे आणि स्वाक्षरी असणे हा निर्दोषपणाचा पुरावाही नव्हे. 

तिसरा प्रश्न, फाइल केव्हा आली? जाहिराती ज्या दिवशी सुरू झाल्या त्याच दिवसाची तारीख तिच्यावर असेल, तर धागा हाती लागला असे समजावे.

चौथा प्रश्न, इतरांचे मत काय? ‘व्हायरसटोटल’ ही सेवा २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली आणि २०१२ पासून ती गुगलकडे आहे. तेथे संशयित फाइल दिली असता अनेक कंपन्यांच्या तपासण्यांचा निकाल एकत्र मिळतो. साठ-सत्तर तपासनिसांपैकी एखाद्यानेच बोट दाखविले, तर ती चूकही असू शकते. वीस-पंचवीस जणांनी दाखविले, तर मात्र संशयाला जागा उरत नाही. मात्र तेथे दिलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातील इतरांनाही पाहता येते. सबब बचत गटाचा हिशेब, आधारची प्रत किंवा बँकेचे विवरण तेथे कधीही देऊ नये.

काढणीचा क्रम

काढणीपूर्वी घरचे धान्य सुरक्षित करावे. स्वतःची कागदपत्रे, छायाचित्रे आणि हिशेब यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवावी. डाउनलोड केलेल्या, चालविता येणाऱ्या फाइली त्या प्रतीत घेऊ नयेत; नाहीतर बियाण्याबरोबर तणाचे बी कणगीत जाते. यानंतर पुढील क्रम पाळावा.

प्रथम ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ची यादी पाहावी. कोपऱ्यात उगवणाऱ्या जाहिरातींचे कारण आजकाल पुष्कळदा फाइल नसतेच. एखाद्या पानाने ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे म्हटलेले असते, ते दाबले जाते आणि त्या पानाला सूचना पाठविण्याची कायमची मुभा मिळते. ही मुभा काढून घेतली की अनेक घरांतील अर्धी तक्रार पाच मिनिटांत मिटते. आपल्या उदाहरणातील घरात लॉटरीच्या व औषधांच्या जाहिरातींचे मूळ याच यादीत सापडले. या शोधात जर नातवाने प्रणालीच्या फाइली पुसल्या असत्या, तर जाहिराती राहिल्या असत्या आणि संगणक मात्र गेला असता.

दुसऱ्या पायरीवर ब्राउझरची ‘एक्स्टेन्शन्स’ तपासावीत. आपण स्वतः घेतलेले नाही, किंवा ज्याचा उपयोग सांगता येत नाही, असे प्रत्येक जोडसाधन काढावे. घरगुती संगणकावरील क्रोममध्ये ‘आपला ब्राउझर संस्थेमार्फत व्यवस्थापित केला जातो’ अशा अर्थाचा संदेश दिसत असेल, तर काही अँटिव्हायरसमुळेही तो येऊ शकतो. परंतु जाहिरातखोर आज्ञावलीने आपले जोडसाधन काढता येऊ नये म्हणून नियम बसवून ठेवल्याचेही ते लक्षण असते. अशा वेळी पुढील तपासणी अधिक काळजीने करावी.

तिसऱ्या पायरीवर विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ या भागात जाऊन यादी तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झालेल्या दिवशी आलेल्या नको त्या आज्ञावली तेथून रीतसर काढाव्यात. कप्पा उघडून फाइली हाताने पुसण्यापेक्षा हा मार्ग उत्तम, कारण बहुतेक आज्ञावली आपला पसारा आवरण्याची सोय स्वतःबरोबर आणतात. मात्र काढताना विचारले जाणारे प्रश्न नीट वाचावेत. ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या जागा उलट करून वापरणाऱ्याला फसविण्याची युक्ती तेथेही असते.

चौथी पायरी गाठींची. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप ॲप्स’ या पानावर संगणक सुरू होताच कोण कोण कामाला लागते ते दिसते. तेथे अनोळखी नाव असल्यास वरील चार प्रश्न विचारून ते बंद करावे. त्यानंतर ‘टास्क शेड्युलर’ पाहावा. ठराविक वेळी ठराविक काम करण्याची आज्ञा येथे नोंदविलेली असते. काढलेली आज्ञावली दर तासाला पुन्हा उतरवून घ्यावी, अशी नोंद ॲडवेअर येथे लपवून ठेवते, आणि ‘काढले तरी परत येते’ या तक्रारीचे उत्तर बहुधा येथेच सापडते. पडद्यावरील ब्राउझरच्या चिन्हाचे ‘प्रॉपर्टीज’ही पाहावेत. ‘टार्गेट’ या ओळीच्या शेवटी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटविलेला असेल, तर तो पुसावा. तसेच सेटिंग्जमधील ‘प्रॉक्सी’ हा भाग पाहावा. घरगुती संगणकावर आपण न बसविलेली प्रॉक्सी चालू असणे म्हणजे पाटाचे पाणी कोणीतरी आपल्या रानातून वळवून नेल्यासारखे आहे.

पाचव्या पायरीवर तपासणी करावी. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अंगभूत आहे. त्यासाठी वेगळा खर्च नाही. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये जाऊन संभाव्य नकोशा ॲप्सना अटकाव करण्याची सोय चालू करावी आणि पूर्ण तपासणी करावी. तरीही त्रास राहिल्यास ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. यात विंडोज पूर्णपणे जागे होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्या आज्ञावलीला स्वतःचा बचाव करता येत नाही. ‘ॲडक्लीनर’ हे फुकट साधन खास याच कामासाठी आहे. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. असे साधन निर्मात्याच्या स्वतःच्या स्थळावरूनच घ्यावे, कारण स्वच्छतेच्या साधनांच्याही नकला निघाल्या आहेत. क्रोम ब्राउझरमध्ये पूर्वी असलेले स्वच्छतेचे अंगभूत साधन २०२३ मध्ये काढून टाकण्यात आले आहे. जुन्या मार्गदर्शिका वाचून ते शोधण्यात वेळ घालवू नये.

तपासणीत सापडलेली वस्तू लगेच पुसू नये. ती ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे विलगीकरणात ठेवावी. काही दिवस सर्व कामे सुरळीत चालली तर पुसावी. चूक झाली असेल, तर विलग केलेली फाइल परत आणता येते. पुसलेली आणणे अवघड असते.

शेवटी पासवर्ड बदलावेत. ते त्याच संगणकावरून, सफाईच्या आधी, बदलणे व्यर्थ आहे. स्वच्छ झाल्यानंतर, किंवा दुसऱ्या विश्वासू यंत्रावरून, प्रथम ई-मेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा. एवढे करूनही त्रास परत येत असेल, तर विंडोज नव्याने बसविणे हाच राजमार्ग होय. प्रत आधी घेतलेली असल्याने त्यात भय नाही.

साहाय्य आणि कायदा

केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेमार्फत २१ फेब्रुवारी २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र चालविले जाते. या केंद्राच्या स्थळावर संगणक स्वच्छ करण्याची साधने नागरिकांना विनामूल्य मिळतात. त्यांत भारतीय कंपन्यांनी तयार केलेली साधनेही आहेत. त्यांपैकी पुण्याच्या क्विक हील या कंपनीची हकीकत मराठी तरुणांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील असलेले कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम पत्करले. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी संगणकशास्त्र शिकविले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत व्हायरस आढळू लागले तेव्हा १९९० च्या दशकात संजय यांनी त्यांवर उपाय लिहून काढला आणि त्या दुरुस्तीच्या दुकानातून अँटिव्हायरसचा उद्योग उभा राहिला. बिघडलेले यंत्र शांतपणे उघडून पाहणाऱ्या कारागिराची दृष्टीच येथे उपयोगी पडली.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ अन्वये मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात व्हायरस अथवा दूषित आज्ञावली घालणे बेकायदेशीर असून नुकसानभरपाई मागता येते. हेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खोट्या दूरध्वनीच्या जाळ्यात सापडून पैसे गेले असल्यास लाज किंवा संकोच बाळगू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि बँकेलाही सांगावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्यापूर्वी ते रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. तक्रारीसाठी पडद्याचे छायाचित्र आणि तो क्रमांक जपून ठेवावा.

घरातील शिस्त

भांगलणीपेक्षा रानात तण येऊ न देणे केव्हाही स्वस्त. त्यासाठी फार मोठे ज्ञान लागत नाही. थोडी शिस्त लागते. जी वस्तू हवी ती तिच्या निर्मात्याच्या स्थळावरूनच घ्यावी. बसविताना ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ हा पर्याय निवडून प्रत्येक चौकट वाचावी आणि नको ती खूण काढावी. सातबारा उतारा हवा असल्यास शासनाच्या महाभूलेख या स्थळाचा पत्ता स्वतः टंकावा. शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नये. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून राज्यभर ऑनलाइन झाले असल्याने पालकांनी व विद्यार्थ्यांनी तेथेही हीच दक्षता घ्यावी. घरातील रोजच्या वापरासाठी मर्यादित अधिकारांचे खाते ठेवावे आणि नवी आज्ञावली बसविण्याचे अधिकार एकाच जाणत्या व्यक्तीच्या खात्याकडे असावेत. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे. ज्या यंत्रावर बचत गटाचा हिशेब किंवा बँकेचे व्यवहार आहेत, ते यंत्र नव्या प्रणालीवर नेण्याचा विचार लवकर करावा.

आता त्या घराकडे पुन्हा वळावे. सूचनांच्या यादीतील तीन अनोळखी पाने, ब्राउझरमधील एक जोडसाधन, ॲप्सच्या यादीतील दोन आज्ञावली आणि टास्क शेड्युलरमधील एक नोंद, एवढेच तण तेथे निघाले. बचत गटाच्या हिशेबातील एकही आकडा हरवला नाही. मराठी अक्षरांचा प्रश्न शिल्लक होता. तोही सुटला, कारण विंडोजच्या भाषाविषयक सेटिंग्जमध्ये मराठी जोडली की मराठी कळफलक मिळतो. तो तेथे आधीपासूनच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, या म्हणीचा अर्थ सूनबाईंना त्या दिवशी नव्याने समजला.

पुढच्या सभेचे इतिवृत्त त्यांनी त्याच कळफलकावर मराठीत लिहिले. त्यात एक ठराव होता. गटाच्या हिशेबाची प्रत दर महिन्याच्या सभेपूर्वी वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क सचिवांच्या घरी न ठेवता अध्यक्षांच्या घरी ठेवावी, आणि पडद्यावर दिसलेल्या कोणत्याही क्रमांकावर गटाच्या कोणत्याही सदस्याने दूरध्वनी करू नये. ठराव एकमताने संमत झाला. जिल्ह्यातील प्रत्येक बचत गटाने, प्रत्येक घराने असा ठराव आपल्यापुरता करून घेतला, तर या तणाला रान मिळणार नाही.